तोंडाचा कर्करोग मानेत कसा पोचतो? पेशींची पकड आणि ती सुटण्याची गोष्ट

रानजाई

गालात जखम, मग मान का उघडली? मानेत तर काहीच लागत नव्हतं.

पॅथॉलॉजीच्या कामात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. रिपोर्ट न्यायला आलेला मुलगा, भाऊ, बायको, कुणीही विचारतं. खिडकीशी उभ्याउभ्या त्याचं उत्तर देता येत नाही आणि अर्धवट उत्तर दिलं की माणसं आणखी घाबरतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी नि:संकोच प्रश्न विचारा.

तोंडाचं अस्तर एकावर एक रचलेल्या चपट्या पेशींचं असतं. आपण गरम चहा पितो, भाकरी चावतो, खडीसाखर फोडतो, तरी ते सोलून निघत नाही, कारण शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. या पकडीतलं मुख्य प्रथिन म्हणजे ई-कॅडहेरिन. दोन्ही पेशींच्या आवरणातून त्याची टोकं बाहेर येतात आणि मधल्या फटीत एकमेकांना धरतात. आतल्या बाजूला कॅटेनिन नावाची प्रथिनं त्याला पेशीच्या सांगाड्याशी बांधतात. याशिवाय दुसरा सांधा असतो, डेस्मोसोम. तो केराटिनच्या धाग्यांना बांधलेला असतो आणि ताण सहन करण्याचं बरंचसं काम त्याचं. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या भिंगाने पाहिलं तर अस्तराच्या मधल्या थरात पेशींच्या मध्ये बारीक बारीक काटे दिसतात. नमुना तयार करताना पेशी आकसतात, पण डेस्मोसोमच्या जागी त्या एकमेकींना सोडत नाहीत, म्हणून ते काटे दिसतात. वर्षानुवर्षं हे काम करूनही ते काटे दिसले की मी क्षणभर थांबते.

सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी तळपटलाला चिकटलेल्या असतात. तिथे पकड असते इंटेग्रिन या कुळातल्या प्रथिनांची. हे तळपटल म्हणजे अस्तर आणि खालचा मांसल भाग यांच्यातली सीमा. पेशी कितीही बिघडलेल्या दिसल्या तरी जोवर त्या सीमेच्या वर आहेत तोवर तो कर्करोगपूर्व बदल. सीमा ओलांडली की कर्करोग.

ओलांडताना काय होतं? ई-कॅडहेरिन बनवणारं जनुक सीडीएच-१. तोंडाच्या कर्करोगात ते सहसा तुटलेलं नसतं, गप्प केलेलं असतं. कधी त्याच्या सुरुवातीच्या भागावर मेथिल गट बसतात, कधी स्नेल, स्लग, ट्विस्ट, झेब अशी नियंत्रक प्रथिनं ते बंद ठेवतात. स्नेल थेट ई-कॅडहेरिन दाबतं हे २००० साली स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं. आम्ही ई-कॅडहेरिनचा विशेष रंग लावतो तेव्हा निरोगी अस्तरात प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड दिसते, सलग जाळीच. गाठीच्या पुढे घुसणाऱ्या कडेला ती जाळी अनेकदा फिकी पडते, तुटते, किंवा रंग कडेवरून पेशीच्या आत सरकलेला असतो.

त्याच वेळी नवी पकड येते. अल्फा-व्ही-बीटा-६ नावाचं इंटेग्रिन निरोगी तोंडात जवळजवळ नसतं. जखम भरताना ते काही काळ येतं आणि जातं. कर्करोगात ते येतं आणि राहतं. त्याच्या आधाराने पेशी नव्या जागी पाय रोवते. शिवाय ते टीजीएफ-बीटा या संदेशक प्रथिनाला जागं करतं आणि तो संदेश शेजाऱ्यांशी असलेली जुनी पकड आणखी सैल करतो. जोडीला कोलॅजन विरघळवणारी विकरं. म्हणजे एकीकडून सोडणं, दुसरीकडून धरणं आणि मधला अडथळा खाणं, हे तिन्ही एकाच वेळी चालतं.

तिथून पुढचा सोपा रस्ता लसिकावाहिन्यांचा, म्हणजे पेशींमधलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचा. त्यांच्या भिंती पातळ, सांधे सैल. गाल, हिरड्या, जीभ यांचं पाणी आधी जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या-मधल्या लसिकाग्रंथींमध्ये जातं. म्हणून पहिला मुक्काम मानेत.

आता मूळ प्रश्न. हाताला लागणारी गाठ व्हायला कोट्यवधी पेशी जमाव्या लागतात. सोनोग्राफीलाही काही मिलिमीटरचा ठिपका लागतो. त्याच्या आधीच्या पेशी फक्त आम्हाला दिसतात आणि त्यासाठी ती ग्रंथी काढून काचपट्टीवर आणावी लागते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हाच प्रश्न घेऊन मोठी चाचणी केली. मानेत काहीच लागत नाही अशा सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाबरोबरच मानेच्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्यात नुसतं लक्ष ठेवलं आणि गाठ आली तर मग शस्त्रक्रिया केली. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ६७.५ टक्के. पहिल्या गटातल्या दहापैकी साधारण तिघांच्या ग्रंथींमध्ये कर्करोग आधीच पोचलेला निघाला.

म्हणून मान उघडतात. काही लागत नव्हतं तरीही.

---

ओवी२१

वाचते आहे. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं येऊ द्या.

---

शमिका_

रानजाई ताई, तुमचा धागा माझ्यासाठीच आहे असं वाटलं. माझ्या मोठ्या दिरांचं गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं, डावा गाल आणि मान. रिपोर्ट हातात आहे. त्यात लिहिलंय: गाठ २.४ सेंमी, डीओआय ७ मिमी, डब्ल्यूपीओआय ४, पीएनआय आहे, एलव्हीआय नाही, ३२ पैकी १ ग्रंथीत आजार, ईएनई नाही. जिथे ऑपरेशन झालं तिथे फक्त "आता शेक (रेडिएशन) द्यावा लागेल" एवढंच सांगितलं, पाच मिनिटंही कुणी बसून बोललं नाही. जाऊबाई रोज तो कागद उघडतात आणि बंद करतात. यातलं काय वाईट आणि काय बरं, सांगाल का?

---

रानजाई

शमिका, उपचाराचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण कागद वाचायला मदत नक्की करते.

डीओआय म्हणजे गाठ किती खोल गेली. शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळपटलाची रेघ धरायची आणि तिथून गाठीच्या सगळ्यात खोल टोकापर्यंत सरळ खाली मोजायचं. वर वाढलेला फुलकोबीसारखा भाग यात धरत नाहीत. रुंद पण उथळ गाठीपेक्षा लहान पण खोल गाठ जास्त त्रास देते, हे इतक्यांदा दिसलं की २०१८ पासून लागू झालेल्या, कर्करोगाच्या टप्पेवारीच्या आठव्या आवृत्तीत खोलीला थेट जागा मिळाली. ५ मिमीपर्यंत एक, १० पर्यंत दुसरा, त्यापुढे वरचा टप्पा. तुमचे दीर आकार आणि खोली दोन्ही धरून टी-२ मध्ये, म्हणजे गाठीच्या दुसऱ्या टप्प्यात, येतात.

डब्ल्यूपीओआय म्हणजे घुसखोरीची सगळ्यात वाईट तऱ्हा. पेशींची पकड किती सुटली आहे, ते साध्या गुलाबी-जांभळ्या रंगातही इथे दिसतं. पहिल्या तऱ्हेत गाठ रुंद कडेने ढकलत जाते. दुसरीत बोटांसारखे फाटे. तिसरीत पंधरापेक्षा जास्त पेशींची मोठी बेटं. चौथीत त्याहून लहान पुंजके किंवा सुट्या पेशी. पाचवीत मुख्य गाठीपासून एक मिलिमीटर किंवा जास्त अंतरावर वेगळं बेट सापडतं, आणि ही सगळ्यात काळजीची. चौथी म्हणजे पकड सैल झाली आहे, पण फार लांब पांगलेलं नाही.

पीएनआय म्हणजे मज्जातंतूच्या कडेने पेशी गेलेल्या दिसल्या. एलव्हीआय म्हणजे रक्त किंवा लसिकावाहिनीच्या आत दिसल्या, ते नाही हे बरं. ईएनई म्हणजे ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर. ते नाही, ही या कागदावरची सगळ्यात चांगली ओळ. जाऊबाईंना ती दाखवा. ग्रंथी ३२ मिळाल्या म्हणजे मान नीट साफ केली आहे.

---

वर्धाकाठ

मी चंद्रपूर जिल्ह्यातला शिक्षक. आमच्याकडे खर्रा घोटला जातो. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीत घालून लाकडी पाटीवर घासतात, चौकात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. २०१२ मध्ये राज्यात गुटखा बंद झाला, पण खर्रा डोळ्यांसमोर तयार होतो. नववीतल्या पोरांचं तोंड पूर्ण उघडत नाही, हे मी बघतो.

दोन प्रश्न आहेत. पोरांनी विचारलेले आहेत, म्हणून जसेच्या तसे लिहितो.

एक, मी वाचलं की ही कॅडहेरिनची पकड कॅल्शियमवर चालते. चुन्यात कॅल्शियमच असतं. मग चुन्याने पकड घट्ट व्हायला पाहिजे ना?

दोन, गावात पक्कं बसलेलं आहे की चाकू लावला की कॅन्सर भडकतो. त्यामुळे तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढू देत नाहीत. यावर काय सांगू?

---

हायडलबर्गकर

सर, पहिल्या प्रश्नाला मी घेतो, कारण त्यामागची हकिकत मला फार आवडते.

जपानचे मासातोशी ताकेइची क्योतोत पेशी सुट्या करून त्या पुन्हा कशा चिकटतात ते बघत होते. मग ते अमेरिकेत बाल्टिमोरला गेले. तिथे तोच प्रयोग केला तर पेशी चिकटेनात. शोध घेतल्यावर कळलं की तिथल्या ट्रिप्सिनच्या, म्हणजे पेशी सुट्या करणाऱ्या विकराच्या, द्रावणात ईडीटीए होतं, म्हणजे कॅल्शियम पकडून घेणारं रसायन. कॅल्शियम नसताना ट्रिप्सिन ते चिकटवणारं प्रथिन कापून टाकतं, असताना कापू शकत नाही. यावरून १९७७ मध्ये त्यांनी कॅल्शियमवर अवलंबून असलेली पकड वेगळी काढली आणि १९८४ मध्ये त्या प्रथिनाला कॅडहेरिन नाव दिलं. आजही आम्ही प्रयोगशाळेत थाळीतल्या पेशी उचलताना ट्रिप्सिन-ईडीटीए टाकतो. काही मिनिटांत सपाट पेशी गोल होतात आणि थाळी हलवली की तरंगायला लागतात.

पण शरीरातल्या द्रवात कॅल्शियम नेहमीच पुरेसं असतं, शरीर ते काटेकोर सांभाळतं. कर्करोगात कमी पडतं ते कॅडहेरिन, कॅल्शियम नव्हे. म्हणून चुना किंवा कॅल्शियमच्या गोळ्या यांचा इथे उपयोग नाही. उलट चुन्याने तोंडातला अल्कलीपणा वाढतो, तंबाखूतलं निकोटिन झटकन शोषलं जातं, सुपारीच्या रसायनांपासून पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे घटक तयार होतात, आणि अस्तर पोळतं ते वेगळंच. पोरांना हे सांगा, प्रश्न त्यांचा अगदी रास्त आहे.

---

दंतवैद्य_साताऱ्याचा

वर्धाकाठ सर, नववीतली पोरं आणि तोंड उघडत नाही, हे वाचून पोटात गोळा आला. ही ओएसएमएफ, म्हणजे अस्तराखाली तंतू साठून तोंड आवळणं. सुपारीतल्या आरेकोलिनने कोलॅजन जास्त बनतं, सुपारीतल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांना आणखी पक्के बांधले जातात आणि सहज मोडत नाहीत. नुसती सुपारी, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट केलेलं आहे. "मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी" हे वाक्य मला आठवड्यातून कितीदा तरी ऐकायला मिळतं.

वर्गात एक करून बघा. प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तिखट लागून आग होत असेल, गाल पांढरट आणि ताठ लागत असतील तर तालुक्याच्या दंतवैद्याकडे पाठवा. आवळलेलं तोंड पूर्ववत होणं कठीण असतं, पण सुपारी त्याच दिवशी सुटली तर पुढचा बिघाड थांबवायला मोठी मदत होते.

आता चाकूचं. लोक जे बघतात ते खरं आहे, पण क्रम उलटा लावतात. सहा महिने जडीबुटी, मग मलम, मग दात काढून बघतात, मग कुणीतरी तुकडा घेतो. तोवर आजार मानेत गेलेला असतो. नंतर जे होतं त्याचं खापर तुकड्यावर फुटतं. तुकडा तपासल्यामुळे तोंडाचा कर्करोग पसरून माणसं दगावतात असा पुरावा नाही. तुकड्याशिवाय उपचारच ठरत नाहीत. तुकडा घेऊन, रिपोर्ट घेऊन घरी बसून राहणं मात्र जिवावर बेतणारं आहे.

---

रानजाई

डॉक्टरसाहेबांच्या बोलण्याला पेशींच्या बाजूने जोड देते. सुटी झालेली पेशी म्हणजे पसरलेला कर्करोग नव्हे. अस्तराची पेशी आधारापासून सुटली की तिला मरण्याचा आदेश मिळतो, याला अनॉयकिस म्हणतात. गाठीतून पेशी तशाही रोज सुटत असतात, कुणी चाकू लावो न लावो, आणि त्यातल्या बहुतेक मरतात. तग धरतात त्या पेशी आधीच बदललेल्या असतात. तो बदल गाठीत महिनोन्‌महिने घडत असतो. म्हणून वेळ घालवणं हा खरा धोका.

---

हायडलबर्गकर

ताई, मूळ लेखातल्या एका गोष्टीत भर घालतो, कारण गेल्या दशकात चित्र बदललं आहे. "पकड सुटते आणि पेशी एकेकटी निघते" असं पूर्वी मानलं जायचं. २०१७ मध्ये बोस्टनच्या गटाने डोक्या-मानेच्या कर्करोगातल्या एकेका पेशीची जनुकं वाचली, त्यात तोंडातल्याच गाठी होत्या. त्यांना दिसलं की घुसणाऱ्या कडेच्या पेशी अर्ध्याच बदललेल्या असतात. अस्तराची ओळख पूर्ण टाकलेली नाही, पण फिरतीचे गुण आलेले. आणि या अर्धवट बदलाचा संबंध मानेतल्या ग्रंथींशी लागला.

म्हणजे जत्रेच्या गर्दीतून एखादं कुटुंब हात धरून वाट काढतं तसं. पुढचा माणूस वाट करतो, हात मात्र सोडत नाही.

शिवाय २०१९ मध्ये उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगावर एक काम आलं. ई-कॅडहेरिन पूर्ण काढून टाकलं तर पेशी घुसायला लागल्या जास्त, पण दूर जाऊन नवी गाठ करण्यात कमी पडल्या, कारण त्या मरत होत्या. तर ई-कॅडहेरिन नेहमीच आपल्या बाजूचं आहे असं नाही. तोंडात हे कितपत लागू पडतं ते वेगळं तपासावं लागेल, पण "कॅडहेरिन गेलं म्हणजे पसरणार" इतकं सरळ समीकरण आता मांडता येत नाही.

---

रानजाई

तुमची भर महत्त्वाची आहे आणि काचपट्टीवर ती पटते. मानेच्या ग्रंथीत पोचलेली गाठ बघितली तर तिथल्या पेशींभोवती ई-कॅडहेरिनची कड पुष्कळदा पुन्हा ठळक दिसते. प्रवासापुरती सैल आणि मुक्कामाला पुन्हा घट्ट. आणि बहुतेक गाठींत मला सुट्या पेशींपेक्षा पुंजकेच जास्त दिसतात, म्हणजे तुमचं हात धरून जाणारं कुटुंब. म्हणूनच पुंजका केवढा आणि किती लांब, यावर डब्ल्यूपीओआय उभं आहे.

टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये डेस्मोसोमवर चांगलं काम झालं आहे. प्लाकोफिलिन-३ हे डेस्मोसोममधलं प्रथिन कमी केलं की पेशींची पकड ढिली होते आणि उंदरांत त्या पेशी दूर पसरतात, असं त्यांनी २००८ च्या सुमारास दाखवलं. ते प्रयोग मुख्यतः आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर होते, पण डेस्मोसोम तोंडातही तसेच असतात.

---

तळेगावकर

अवांतर होईल, पण सांगायलाच हवं. तोंडाच्या कर्करोगावर भारतात सुरुवातीच्या काळात काम करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. डॉ. वसंत खानोलकर. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं आणि ते तिथे पॅथॉलॉजी सांभाळत होते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा छापला. तंबाखू-पानाशी असलेला संबंध त्यांनी इतक्या आधी मांडला होता. ऐंशी वर्षं होऊन गेली आणि देशात अजून दरवर्षी लाखाहून जास्त नवे रुग्ण या एकाच जागेचे. याचा मला मनापासून राग येतो.

---

ओवी२१

मग तुकड्यावरच ई-कॅडहेरिन तपासून कुणाचा पसरणार ते आधी सांगता येत नाही का? आणि ही पकड सुधारणारं औषध?

---

रानजाई

पहिल्यावर खूप अभ्यास आहेत. ई-कॅडहेरिन कमी असलेल्या गटात ग्रंथींत आजार जास्त सापडतो, असं अनेकांनी नोंदवलं आहे. पण गटाबद्दल खरं असलेलं समोरच्या एका माणसावर लावता येत नाही. लहान तुकड्यात घुसणारी कड येईलच असं नसतं, रंग प्रत्येक प्रयोगशाळेत थोडा वेगळा उठतो, आणि हायडलबर्गकरांनी सांगितलं तसं ते प्रथिन जातं-येतं. त्यामुळे रोजच्या रिपोर्टात ते नसतं. खोली आणि तऱ्हा यांवर माझा जास्त भरवसा आहे.

---

हायडलबर्गकर

औषधाबद्दल: सिलेन्जिटाइड नावाचं इंटेग्रिन अडवणारं औषध मेंदूच्या गाठींवर मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं, डोक्या-मानेच्या कर्करोगातही त्याने फायदा दिला नाही. आता अल्फा-व्ही-बीटा-६ कडे पत्ता म्हणून बघतात. निरोगी तोंडात ते जवळजवळ नसतं, म्हणून त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर विषारी औषध बांधून फक्त गाठीत पोचवायचं. चाचण्या चालू आहेत. आज रुग्णाला देता येईल असं यात काही नाही, म्हणून कुणी "इंटेग्रिनचं औषध" विकत असेल तर पैसे देऊ नका.

---

वर्धाकाठ

तीन बोटांचं आज वर्गात केलं. चार मुलांची जात नाहीत. दोघांच्या घरी आजच जाऊन आलो, वडील यायला तयार आहेत. उरलेल्या दोघांकडे उद्या. डॉक्टरसाहेब, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतो.

---

शमिका_

ताई, ईएनईची ओळ जाऊबाईंना वाचून दाखवली. त्यांनी तो कागद पहिल्यांदाच पूर्ण वाचला. आता शेकाचं. दिरांची जखम भरली आहे, पण ते म्हणतात दिवाळीनंतर सुरू करू. आणि डावा हात खांद्याच्या वर जात नाही.

---

दंतवैद्य_साताऱ्याचा

शमिकाताई, दिवाळीची वाट बघू नका. शस्त्रक्रियेनंतरचा शेक शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असा दंडक आहे. मागे राहिलेल्या पेशींना वेळ मिळू नये हाच त्यामागचा हेतू. तुम्ही गेला महिना म्हणालात, म्हणजे हातात फार दिवस नाहीत.

शेकाच्या आधी दात तपासून घ्या. काढायचे असलेले दात आत्ताच काढावे लागतात, शेकानंतर जबड्याचं हाड नीट भरत नाही. खांद्याकडे जाणारा मज्जातंतू मानेच्या शस्त्रक्रियेत हाताळला जातो, त्याने हात अडतो. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि शेक चालू असतानाही सोडू नका. रेडिएशन विभागाची वेळ उद्याच घ्या. जाताना हा रिपोर्ट, काचपट्ट्या आणि मेणातले ठोकळे बरोबर न्या, तिथे पुन्हा तपासायला मागतात.